ठोका कोणाचा? जुन्या डिझेल इंजिनाच्या आवाजाची पारख



या व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकता, संतांचे विचार ऐकता, शेतीचे आणि आरोग्याचे प्रश्न ऐकता. त्या पंक्तीत एक कामगार-कार्यकर्ता उभा राहून डिझेल इंजिनाच्या खटखटीवर बोलणार, याचे काहींना हसू आले असेल. मी इंजिनिअर नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली; पुढचे शिक्षण गॅरेजच्या खड्ड्यात आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु आपल्या बुलढाणा शहराला रेल्वे नाही. आगगाडी धरायची तर मलकापूर गाठावे लागते आणि त्यासाठी राजूर घाट उतरावा लागतो. ज्याच्याजवळ स्वतःचे वाहन नाही, त्याने वर्षानुवर्षे ही वाट एस. टी. ने नाही तर काळीपिवळीने कापली. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संघटनेतला एक चालक दुसऱ्याच्या मालकीची जुनी डिझेल जीप चालवीत असे. इंजिनातून ठोका येतो, हे त्याने मालकाला दोनदा सांगितले. "डिझेल गाडी आहे, वाजायचीच," एवढेच उत्तर मिळाले. पुढे एके दिवशी भरल्या गाडीने घाट चढत असता कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. उतारूंना इजा झाली नाही, हे सुदैव. मालक म्हणाला, "याने ऑइल न पाहता गाडी हाकली. खर्च याच्या पगारातून कापणार." चालक माझ्याकडे आला. आवाज इंजिन थंड असताना येत होता की गरम झाल्यावर, वरून येत होता की खालून, हे मी त्याला विचारायला हवे होते. पण त्या दिवशी ते प्रश्नच मला ठाऊक नव्हते. माझ्याजवळ घोषणा होत्या, पुरावा नव्हता.

त्या प्रकरणाचा शेवट पुढे सांगतो. आधी मालकाचे म्हणणे तपासू, कारण त्यात अर्धे सत्य होते. डिझेल गाडी वाजतेच. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ मध्ये आउग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखवले. त्याची कल्पना अशी की, पेट घेण्यासाठी ठिणगी नकोच. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापावी. जुन्या डिझेल मोटारींत हवा मूळ जागेच्या सुमारे विसाव्या हिश्श्यात कोंबली जाते आणि तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या तप्त हवेत नॉजलमधून डिझेलचा बारीक फवारा सुटतो. मात्र तो त्याच क्षणी पेटत नाही. क्षणाच्या अगदी लहान भागाइतका विलंब होतो, तेवढ्यात आणखी डिझेल आत येते आणि साठलेले सारे एकदम भडकते. त्या धक्क्याचा आवाज म्हणजे डिझेलची खटखट. विहिरीवरचे डिझेल इंजिन ज्याने हिवाळ्याच्या पहाटे सुरू केले आहे, त्याला ती ओळखीची आहे. थंड इंजिनात विलंब अधिक, म्हणून आवाजही अधिक. इंजिन तापले की तो उतरतो.

हा आवाज निरोगी माणसाच्या श्वासासारखा समजावा. प्रश्न उद्भवतो तो आवाज बदलला म्हणजे. आणि हा बदल सर्वांच्या आधी कोणाला कळतो? मालकाला नाही, मिस्त्रीलाही नाही. रोज दहा तास त्या इंजिनाजवळ बसणाऱ्या चालकाला. मात्र नुसते "आवाज येतो" म्हणून भागत नाही. चार प्रश्नांची उत्तरे हवीत: थंडपणी की गरमपणी? रिकाम्या गाडीला की ओझ्यावर? वरून की खालून? आणि ठोका किती जलद?

शेवटचा प्रश्न थोडा उलगडून सांगतो. इंजिन मंद चालत असताना क्रँक मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट निम्मे, म्हणजे ४०० फेरे घेतो. म्हणून टॅपेटचा आवाज हलका, टिकटिक करणारा, झाकणाखालून येणारा आणि इंजिनाच्या निम्म्या वेगाचा असतो. फिलर गेज लावून फट बरोबर केली की बहुधा काम भागते. पिस्टन झिजून सैल झाला असेल तर पोकळ आवाज येतो. तो थंडपणी मोठा आणि पिस्टन तापून फुगल्यावर कमी होतो. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचे बेअरिंग गेले असेल तर याच्या उलट घडते. आवाज जड, खालून येणारा. ऑइल तापून पातळ झाले की वाढणारा, आणि घाटात ओझे पडले की अधिकच ठोकणारा. त्याच्या जोडीला ऑइलचा दाब पडू लागला, दिवा लुकलुकू लागला, तर एक मैलही पुढे जाऊ नये. इंजिन बंद करावे आणि गाडी ओढून न्यावी.

आवाजाची जागा शोधायला मोठे यंत्र लागते असे नाही. १८१६ मध्ये लेनेक या फ्रेंच डॉक्टराने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीवर ठेवली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. आपले मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक ब्लॉकला टेकवून मूठ कानाशी धरतात, ती हीच विद्या. फक्त पंखा आणि पट्टा यांपासून हात, मफलर आणि ओढणी दूर असावी. इंजिन उघडण्यापूर्वी बाहेरचे संशयितही पाहून घ्यावेत: फाउंडेशनचे फाटलेले रबर, चासीला लागणारा सायलेन्सरचा पाइप, सैल झालेला पंखा. क्लच दाबताच आवाज बदलला, तर दोष इंजिनात नसून क्लचच्या बाजूला असण्याचा संभव मोठा.

आता मुख्य परीक्षा. जुन्या पद्धतीच्या पंपाचे इंजिन मंद चालू ठेवून मिस्त्री एकेका नॉजलच्या पाइपचा नट किंचित सैल करतो. त्या सिलिंडरचे डिझेल तुटते. ज्या सिलिंडरला आवाज थांबतो किंवा उतरतो, तेथे दोष. परंतु येथेच पुष्कळ जण घाई करतात. ही परीक्षा सिलिंडर दाखवते, रोग दाखवत नाही. ठिबकणारे नॉजल असो की झिजलेले बेअरिंग, दोन्हींचा आवाज डिझेल तोडल्यावर कमी होतो. म्हणून दुसरी पायरी: त्या सिलिंडरचे नॉजल शेजारच्या सिलिंडरला लावावे. आवाज नॉजलबरोबर हलला, तर दोष नॉजलचा. आवाज जागचा हलला नाही, तर रोग आत, खोल आहे. एक इशारा मात्र ध्यानात ठेवावा. त्या फवाऱ्याचा दाब कातडी भेदून आत शिरतो. हात दूर आणि नटावर कापड हवेच. नव्या कॉमन रेल गाड्यांत तर दाब वातावरणाच्या हजार पटींहूनही अधिक असतो. तेथे हा प्रयोग कोणीही, कधीही करू नये.

ही दुसरी पायरी गाळल्याने काय होते, ते मी पाहिले आहे. स्वतःचीच गाडी चालवणाऱ्या एका गृहस्थाने खटखट ऐकून कर्ज काढले आणि सारे इंजिन बांधून घेतले. गाडी सुरू झाली, आणि खटखट तशीच! जुनी नॉजले पुन्हा जशीच्या तशी बसवली होती. नॉजले तपासून दुरुस्त केल्यावर आवाज गेला. कर्ज मात्र राहिले.

आता घाटातल्या त्या जीपकडे वळू. इंजिन उघडताना मी मिस्त्रीशेजारी उभा राहिलो. ऑइल खरोखरच संपले असते, तर कमीअधिक प्रमाणात सर्वच बेअरिंगे जळायला हवी होती. परंतु तीन सिलिंडरची बेअरिंगे शाबूत होती. चौथ्याचे तेवढे वरचा थर झिजून, तांबे उघडे पडून चिरडलेले होते, आणि त्याला तेल पोचवणारी क्रँकमधली वाट गाळाने चोंदली होती. असा गाळ एका दिवसात धरत नाही. ऑइल वेळेवर न बदलल्याचा तो हिशेब होता, आणि ते बदलण्याचा खर्च मालकाकडे होता. ती चार बेअरिंगे आम्ही मालकासमोर टेबलावर मांडली. पगारकपात रद्द झाली.

पण मी याला विजय म्हणत नाही. गाडी दीड महिना उभी होती आणि तेवढे दिवस त्या चालकाची चूल उधारीवर पेटली. शिवाय "मी दोनदा सांगितले होते" हे त्याचे म्हणणे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. मालकाने ते सरळ नाकारले. बेअरिंगे भंगारात गेली असती तर आम्ही हरलोच असतो. तेव्हापासून आमच्या चालकांजवळ एक साधी वही असते. आवाज बदलला की तारीख घालून त्या चार प्रश्नांची उत्तरे आणि ऑइलची पातळी लिहायची आणि खाली मालकाची सही घ्यायची. प्रथम मालक कुरकुरले. मग त्यांच्याही ध्यानात आले की, वेळेवर लिहिलेली एक ओळ त्यांचे आख्खे इंजिन वाचवते.

तात्पर्य एवढेच. यंत्र खोटे बोलत नाही, पण त्याची साक्ष नीट नोंदवणारा माणूस लागतो. आधी ऐकावे, मग तपासावे, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. आणि दोष कोणाचा व खर्च कोणाचा, हे त्यानंतर ठरवावे. उद्या घाटात आपल्या गाडीचा चालक मध्येच थांबून कान देऊ लागला, तर "उशीर होतो" म्हणून त्याच्यावर ओरडू नका. तो आपल्याच जिवाची काळजी वाहत असतो.