अंतऱ्यासाठी ग्वाल्हेर

वडिलांच्या ट्रंकेत तपकिरी पुठ्ठ्याची एक वही होती. लष्करात शिकत असताना त्यांनी उतरवून घेतलेल्या चिजा तीत होत्या. एका पानावर हमीरची अस्ताई सुवाच्य अक्षरात लिहिलेली, तिच्याखाली ‘अंतरा’ एवढाच शब्द आणि पुढे पान कोरे! आजोबा अचानक वारले, शिक्षण अर्धवट सोडून वडील इंदूरला एका गिरणीच्या कचेरीत चिकटले आणि ते पान कोरेच राहिले. ती अस्ताई ते जन्मभर गुणगुणत. पण चारचौघांत कधी म्हटली नाही. “अंतऱ्यावाचून चीज मांडणे ही ग्वाल्हेरची रीत नव्हे,” असे म्हणत. मला ती सबब वाटे.

नोकरीतून मोकळा झाल्यावर मी ठरविले, की वही घेऊन ग्वाल्हेरला जायचे. आणि जायचे ते सायकलीवर. सायकल ही माझी जुनी खोड. चिरंजीव म्हणाले, “बाबा, रात्री गाडीत बसलात की सकाळी ग्वाल्हेर.” मी म्हटले, “बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाण्यासाठी किती पायपीट करीत हिंडले! मला निदान दोन चाके तरी आहेत.” त्यावर सौभाग्यवतींनी मुकाट्याने तिळाचे लाडू बांधून दिले. संक्रांत नुकतीच झाली होती.

इंदूर ते ग्वाल्हेर हा जुना आग्रा रस्ता सुमारे पाचशे किलोमीटरांचा. त्याचे मी पाच मुक्काम पाडले होते. पहाटे निघून उन्हे वर येताच देवास गाठले. टेकडीकडे पाहून हात जोडले. दुखणे घेऊन कुमार गंधर्व 1948 साली या गावी आले आणि 1992 साली जाईपर्यंत इथलेच झाले. पहिली रात्र शाजापूरला काढली. दुसऱ्या दिवशी सारंगपूरला काळीसिंध ओलांडून ब्यावरा, तिसऱ्या दिवशी गुना. दोन्ही बाजूंना गहू-हरभऱ्याची शेते, आणि समोरून सतत वारा. मालमोटारी शेजारून गेल्या की सायकल हातभर सरके. माणसे मात्र भली. ढाब्यावरचा पोरगा चहा ठेवी आणि विचारी, “बाबूजी, अकेले?” मी हँडलला बांधलेल्या पिशवीतल्या वहीवर हात ठेवी आणि म्हणे, “नहीं, दो हैं.”

चौथ्या दिवशी कोलारसच्या अलीकडे बाभळीचा काटा मागच्या चाकात शिरला. ट्यूबला ठिगळ लावले, तर वीस मिनिटांत हवा पुन्हा गेली. काटा टायरमध्येच राहिला होता, हे साठी उलटलेल्या गृहस्थाला तेव्हा उमगले! शिवपुरीत शिरलो तेव्हा अंधार पडला होता. थंडीने बोटे वळेनात, गुडघा सुजला होता. त्या रात्री धर्मशाळेत खरोखरच वाटले, की उद्या सायकल बसच्या टपावर टाकावी. वही उघडली. ते कोरे पान पाहिले आणि गुडघ्याला तेल चोळून झोपलो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी किल्ला दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रथम तानसेनाच्या कबरीवर गेलो. महंमद घौसाच्या भव्य मकबऱ्याशेजारी ती किती साधी! तिथल्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, अशी समजूत आहे. मीही एक पान चघळले, आंबट लागले.

2023 साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगर म्हणून मान दिला. आपल्या लोकांना ते निराळे सांगायला नको होते. हद्दूखाँ-हस्सूखाँची गायकी वासुदेवबुवा जोशींनी घेतली, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवांनी ती दक्षिणेत नेली आणि बुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. इथे कृष्णराव पंडितांनी 1914 साली शाळा सुरू केली. पुढे 1918 साली भातखंड्यांच्या योजनेने माधव संगीत महाविद्यालय उभे राहिले. एका गावातून केवढी वाट निघाली!

विचारत विचारत लष्करातल्या एका बोळात मी एका वृद्ध बुवांच्या दारी पोचलो. वय नव्वदीच्या घरात. वही पाहून म्हणाले, “हे तर आमच्या घरातले आहे. कोण तुमचे वडील?” मी नाव सांगितले. त्यांना आठवले नाही. मला थोडे वाईट वाटले. पण शिकून गेलेली किती मुले आठवायची?

मी पेन काढले. बुवांनी हाताने ते खाली केले. “लिहून देत नाही. बसा आणि म्हणा.”

“बुवा, मी गाणारा नव्हे.”

“अस्ताई कुठून आली मग?”

मी म्हटली. पाच दिवसांच्या वाऱ्याने घसा फाटला होता. बुवा ऐकत राहिले. मग म्हणाले, “चाल बरोबर आहे. वडिलांनी जपली.” आणि त्या वयातही मोकळा आकार लावून त्यांनी अंतरा सांगितला, तार षड्जावर क्षणभर थांबून पुन्हा अस्ताईच्या मुखड्यावर आणून सोडला. तेव्हा माझ्या ध्यानी आले, की वडिलांची ती सबब नव्हती. इथे अस्ताई-अंतरा दोन्ही आधी पुरते मांडायचे आणि मगच विस्तार. निम्मी चीज म्हणजे दाराशी येऊन परतणे. माझे वडील जन्मभर दाराशी उभे होते.

तीन दिवस मी जात राहिलो. तिसऱ्या दिवशी अस्ताई-अंतरा सलग म्हणता आले. सूर जेमतेमच. बुवांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “आता घरी नेऊन कुणाला तरी द्या.”

परत येताना सायकल रेल्वेच्या सामानाच्या डब्यात घातली. एवढी शरणागती पत्करली. पान अजून कोरेच आहे. नातीला मी रोज संध्याकाळी समोर बसवतो. ती नऊ वर्षांची आहे, अंतऱ्याला धावते, तार षड्जावर थांबत नाही. मी म्हणतो, “थांब जरा, तुझ्या पणजोबांनी फार वाट पाहिली आहे.”