नेमबाजाची नळी : बदलावी केव्हा, निवडावी कशी?



१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी पदक आणले, त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक पदक. त्याआधी २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत याच अंतरावर, पालथे झोपून मारायच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या होत्या. अशा बातम्या ऐकून खेड्यातल्या मुलामुलींनाही या खेळाची ओढ लागली तर नवल नाही. आमच्या रहाटणीपासून बालेवाडीचे क्रीडासंकुल काही दूर नाही. तिथल्या नेमबाजीच्या मैदानाबद्दल विद्यार्थी मला नाना प्रश्न विचारतात. त्यांतला एक प्रश्न पालकांच्या खिशाला थेट भिडणारा आहे : गुण घसरू लागले, तर रायफलची नळी बदलावी का? आणि बदलायची, तर कोणती घ्यावी?

आधी नळी काय काम करते ते पाहू. जुनी ठासणीची बंदूक आपल्याकडे पुष्कळांनी पाहिली असेल. तिची नळी आतून गुळगुळीत. गोळी आत इकडेतिकडे आपटत बाहेर पडे आणि थोडे अंतर गेले की भरकटे. रायफलच्या नळीत आतल्या बाजूला मळसूत्रासारख्या चऱ्या असतात. त्या गोळीला पकडून फिरवतात. भोवरा जोरात फिरतो तोवर सरळ उभा राहतो आणि फिरणे मंदावले की डुलू लागतो, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. गोळीचेही तसेच. पॉइंट टू-टू रायफलीच्या नळीत चरीचा एक फेरा साधारण सोळा इंचांत पूर्ण होतो. गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने निघते. शिक्षकमित्रांनी फळ्यावर भागाकार करून दाखवावा : गोळी सेकंदाला आठशेहून अधिक गिरक्या घेते!

आता नेमकेपणा किती लागतो तो पाहा. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढे. नळी ६५ सेंटिमीटर लांब धरली, तर तिचे तोंड अवघे ०.०७ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीएवढे, बाजूला सरकले की गोळी केंद्रापासून त्या वर्तुळाच्या कडेवर जाते.

अशी नळी झिजते कशी? पॉइंट टू-टूची गोळी मऊ शिशाची, वर मेणाचा हात दिलेली, आणि दारू थोडी. म्हणून नळी हजारो फैरी सहज टिकते. नीट राखली तर वर्षानुवर्षे चालते. तीनशे मीटरच्या किंवा त्याहून लांबच्या रायफलीची गोष्ट वेगळी. तिथे दारू जास्त, दाब प्रचंड, वायू तापलेला. जिथे काडतूस संपून चऱ्या सुरू होतात, तो नळीचा घसा. तिथले पोलाद या वायूने करपते आणि त्याला बारीक भेगा पडतात. अशी नळी काही हजार फैरींतच थकते. बारीक भोक आणि दारूचा मोठा भार असेल, किंवा नळी तापलेली असताना भराभर मारा केला, तर त्याहूनही लवकर.

पण थांबा. शेतावरचे इंजिन काळा धूर टाकू लागले, म्हणून आपण लगेच पिस्टन-लायनर बदलत नाही. आधी एअर फिल्टर पाहतो, मग नोझल पाहतो. इथेही तोच क्रम ठेवावा. नळी आणि दस्ता यांना धरणारे स्क्रू ढिले आहेत का? दर्शक हलतो का? नळीत मळ साचला आहे का? नळीच्या तोंडाची कड, जिथे गोळीला शेवटचा स्पर्श होतो, ती साफ करायच्या गजाने दुखावली आहे का? काडतुसांचा लॉट बदलला आहे का? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. एकाच कारखान्याच्या दोन लॉटांतही फरक असतो आणि एका नळीला मानवणारा लॉट दुसरीला मानवेलच असे नाही.

खरी परीक्षा माणसाला बाजूला ठेवून करावी. रायफल शिकंज्यात पक्की बसवायची आणि निरनिराळ्या लॉटांच्या दहा-दहा गोळ्या मारायच्या. चांगल्या नळीला लॉट जुळला, की दहाही छिद्रे मिळून सोळा-सतरा मिलिमीटरांत बसतात. शिकंज्यात गोळ्या एकत्र पडत असतील, तर दोष नळीचा नाही. तो पैसा सरावाला आणि काडतुसांना वापरावा. चार-पाच लॉट बदलूनही गोळ्या पसरतच असतील, तरच नव्या नळीचा विचार.

नवी निवडताना पहिली गोष्ट, बोअर आणि बनावट मूळ रायफलीला जुळणारी हवी. दुसरी, चऱ्यांचा फेरा गोळीला साजेसा हवा. गोळी जितकी लांब, तितकी गिरकी जोराची लागते. आखूड गोळीला सोळा इंचांत एक फेरा पुरतो. सहा मिलिमीटरच्या लांबट गोळीला आठ इंचांच्या आसपास लागतो. तिसरी गोष्ट लांबीची. लांब नळी म्हणजे अचूक नळी, हा समज चुकीचा आहे. पॉइंट टू-टूची दारू चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरांतच आपले काम संपवते. उलट नळी आखूड आणि जाड असली की ताठ राहते, कमी थरथरते. व्यास दहा टक्के वाढवला की ताठपणा जवळजवळ दीडपट होतो. मात्र वजनही वाढते आणि पन्नास मीटरच्या रायफलीला आठ किलोंची मर्यादा आहे. चौथी गोष्ट पोलादाची. स्टेनलेस पोलाद उष्णतेची झीज थोडी जास्त सोसते, गंजही कमी धरते. पण पावसाळ्यात त्यालाही तेलाचा हात हवाच. चऱ्या कापून केल्या, दाबून केल्या की ठोकून, यावर फार वाद घालू नये. भोक टोकापासून टोकापर्यंत एकसारखे आहे ना, एवढे पाहावे.

शेवटची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. आमच्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात मायक्रॉनमध्ये काम करणारे कसबी कारागीर घरोघर आहेत. साहजिकच कुणाला वाटेल, "अहो, ही नळी तर आपला दादा लेथवर सहज बसवून देईल!" तसे मुळीच करू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचा सुटा भागसुद्धा शस्त्रच धरला आहे. तो विकत घेणे, बनवणे, दुरुस्त करणे या सगळ्याला परवाना लागतो. नळी कापून आखूड करायलाही परवानाच लागतो. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी बोल्ट आणि काडतूस यांच्यामधली जागा किंचित जास्त राहिली, तर काडतूस फुटून तापलेला वायू नेमबाजाच्या डोळ्यांवर येऊ शकतो. तेव्हा हे काम परवानाधारक बंदूकसाजाकडेच द्यावे आणि त्याने मापनी लावून तपासल्याशिवाय एकही गोळी मारू नये.

म्हणून पालकांना सांगणे एवढेच, की मुलाला पहिल्या दिवसापासून एक वही घालून द्या. किती फैरी झाल्या, कोणता लॉट होता, गोळ्या कशा पडल्या, हे रोज लिहू द्या. कर्ज काढून नळी घ्यायची वेळ आली, तर दुकानदाराच्या बोलण्याआधी त्या वहीला विचारा. नळी खरोखर थकली असेल, तर ती वही तसे सांगेल. आणि थकली नसेल, तर घरचा पैसा घरात राहील.