झेंडावंदन झाल्यावर काय?



१५ ऑगस्टची आपली सकाळ ठरलेली असते. पहाटे उठायचं, मुलांचे गणवेश बघायचे, शाळेपुढे रांगोळी काढायची. झेंडावंदन होतं, भाषणं होतात, मुलांना खाऊ मिळतो. मग आपण घरी येऊन कामाला लागतो. भाषणात दिल्लीची नावं येतात. आमच्या गटात एकदा प्रश्न निघाला, "आपल्या बाजूच्या माणसांनी काय केलं होतं?" त्याचंच उत्तर आज सांगतो.

आपल्या पडघ्याला मोठं वीज उपकेंद्र आहे. थेट चंद्रपूरहून, साडेसातशे किलोमीटर अंतरावरून, १९९९ पासून इथे वीज येते. शेतातून जाणारे ते उंच मनोरे आपण रोज बघतो. असेच मनोरे १९४२ साली सह्याद्रीच्या पायथ्याशी उभे होते. खोपोली, भिवपुरीच्या वीजघरांतली वीज मुंबईला जायची. त्या विजेवर गिरण्या आणि रेल्वे चालायची. 'चले जाव'ची हाक आल्यावर आपल्या भागातल्या तरुणांनी ठरवलं की ही वीज तोडायची, म्हणजे इंग्रजांचा कारभार अडेल. त्यांच्या टोळीचं नाव होतं आझाद दस्ता. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या महिन्यांत त्यांनी रात्री डोंगरातून जाऊन अनेक मनोरे पाडले.

त्यांचे पुढारी होते विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. लोक त्यांना भाई कोतवाल म्हणत. ते माथेरानचे, नाभिक समाजातल्या गरीब घरातले. शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. फितुरीमुळे दस्त्याचा ठावठिकाणा पोलिसांना कळला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. त्या गोळीबारात भाई कोतवाल आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील, दोघंही शहीद झाले. भाई तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. आजही दर २ जानेवारीला पहाटे लोक सिद्धगडला जमतात.

पण आम्हाला सांगायची आहे ती या लढाईच्या आधीची गोष्ट. पावसाळ्यात घरातला दाणा संपला की गरीब शेतकरी सावकाराकडे जायचा. एक मण भात आणलं की सुगीला दीड मण, कधी दोन मण परत द्यावं लागायचं. खळ्यावरचं भात खळ्यावरूनच सावकाराकडे जायचं आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. भाईंनी यावर धान्यकोठी काढली. लोकांनी मिळून धान्य साठवायचं आणि अडलेल्याला त्यातून द्यायचं, म्हणजे सावकाराच्या दारात जायला नको. त्यांनी गावोगावी शाळाही काढल्या.

बायांनो, ही धान्यकोठी ओळखीची वाटते ना? आपला बचत गट तेच करतो. फक्त दाण्याच्या जागी पैसे आहेत. भाईंना ठाऊक होतं की पोटासाठी जो दुसऱ्याच्या दारात उभा राहतो, त्याला तोंड उघडता येत नाही. म्हणून आधी कोठी भरली आणि मग माणसं इंग्रजांपुढे उभी राहिली.

दुसरी गोष्ट तलासरीकडची. तेव्हा तो भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. तिथे वारली कुटुंबं जमीनदाराकडे वेठीला राबायची. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे गडी म्हणून बांधली जायची. त्यांना म्हणायचेच लग्नगडी. म्हणजे कर्ज लग्नाचं आणि नवी नवरी पहिल्या दिवसापासून गुलाम. २३ मे १९४५ रोजी झरी गावात गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने सभा झाली. वेठ करायची नाही असं वारल्यांनी तिथे ठरवलं. त्याच वर्षी तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसं गेली, पण लोक मागे हटले नाहीत. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा दोन वर्षं बाकी होती.

आणि १४ ऑगस्ट १९४७ ची ती मध्यरात्र. दिल्लीत संविधान सभेला राष्ट्रध्वज भेट दिला तो भारतातल्या बायांच्या वतीने. तो हंसा मेहता यांनी सभेच्या हाती दिला. म्हणजे झेंड्याशी आपलं नातं रांगोळीपुरतं कधीच नव्हतं.

आता आजचं बोलू. ऑगस्टमध्ये ग्रामसभा असते. नियमित ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा, म्हणजे महिला ग्रामसभा, घ्यावी असा आपल्या राज्याचा कायदा आहे. पण पुष्कळ ठिकाणी ती वहीतच होते. रजिस्टर घरोघर फिरतं आणि आपण हात न थांबवता सही करतो किंवा अंगठा देतो. चुलीवर भाकरी असते, घाई असते, हे आम्हालाही कळतं. पण न झालेल्या सभेवर सही केली की आपणच आपलं तोंड बंद करतो.

म्हणून या वेळी तीन गोष्टी करू. पहिली, महिला ग्रामसभा कधी आणि कुठे आहे ते ग्रामपंचायतीत आधी विचारायचं. दुसरी, गटाच्या बैठकीत एकच मागणी ठरवायची. पाणी असो, रेशन असो की रस्त्यावरचा दिवा, ती कागदावर लिहून सगळ्यांनी सही करायची. तिसरी, सभेत ठराव लिहिला की तो मोठ्याने वाचून घ्यायचा आणि मगच सही करायची. एकटीला बोलायला भीती वाटते, तेव्हा पाच जणींनी शेजारी शेजारी बसायचं. एक बोलेल, बाकीच्या मान डोलावतील, तेवढंही पहिल्या वेळी पुरे.

पडघ्याचे मनोरे दिसले की मुलांना भाई कोतवालांची गोष्ट सांगा. धान्यकोठीची तर नक्की सांगा.

तर मैत्रिणींनो, झेंडावंदनाला या आणि ग्रामसभेलाही या.