‘स्वदेस’मधला तो बल्ब खरंच पेटला होता!

‘स्वदेस’ आठवतोय ना? २००४चा. नासात नोकरी करणारा शाहरुख गावात येतो, डोंगरातलं पाणी अडवतो, टर्बाइन बसवतो आणि एका म्हातारीच्या घरात बल्ब पेटतो. थिएटरात आपण सगळ्यांनीच हळूच डोळे पुसले होते. पण असा बल्ब त्याआधीच, जानेवारी २००३मध्ये, आपल्याच महाराष्ट्रात पेटला होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

गावाचं नाव बिलगाव. जिल्हा नंदुरबार, तालुका धडगाव. सातपुड्यातले आदिवासी पाडे, उदई नदी आणि तिचा धबधबा. विजेच्या तारा इथवर आल्याच नव्हत्या. मग केरळच्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’चे तरुण इंजिनीअर, नर्मदा बचाव आंदोलन आणि अमेरिकेतल्या भारतीयांनी सुरू केलेली ‘एड’ ही संस्था एकत्र आली. ‘एड’चे रवी कुचिमंची आणि अरविंदा पिल्ललमर्री हे अमेरिकेहून परतलेलं जोडपं. त्यांचं काम ही ‘स्वदेस’मागची एक प्रेरणा मानली जाते. पण दगडमाती वाहिली ती गावानंच, श्रमदान करून.

टेक्निक एकदम सिंपल. वर पाणी अडवायचं, पाइपातून जोरात खाली सोडायचं, त्यावर टर्बाइन फिरवायचं आणि पाणी परत नदीत. ना कोळसा, ना डिझेल. क्षमता १५ किलोवॉट. म्हणजे किती? तुमच्या सोसायटीत सकाळी सात-आठ गीझर एकदम लागले, की संपली! तेवढ्यात इथे पाड्यापाड्यांवर दिवे लागले.

सिनेमा बल्बपाशी थांबला. बिलगावची गोष्ट मात्र पुढे गेली. २००६च्या पावसाळ्यात पूर आला आणि गावानं उभारलेला प्रकल्प पाण्याखाली गेला. जेमतेम साडेतीन वर्षं चालला तो.

याच नर्मदा खोऱ्यात सरदार सरोवराचा वीजप्रकल्प आहे, १,४५० मेगावॉटचा. बिलगावच्या जवळजवळ ९७ हजार पट! त्यातल्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. शहरांना मोठी वीज लागते, मान्य. पण त्यासाठी गाव आणि शेत सोडावं लागलं ते नर्मदाकाठच्या माणसांना. बिलगावात पाणी त्यांचं होतं, मेहनत त्यांची होती आणि दिवाही त्यांच्याच घरात लागला होता.

‘स्वदेस’चं शूटिंग झालं ते वाईजवळच्या मेणवलीला. वीकेंडला तिथल्या घाटावर फोटो काढाल, तेव्हा ग्रुपला बिलगावची गोष्टही सांगा. तिथे शूटिंग नव्हतं, खरी वीज होती.