टेस्ट ड्राइव्हला आजी आणि बाळालाही न्या

गुढीपाडवा आणि दसरा जवळ आला की मोटारींच्या शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. सध्या सर्वाधिक चौकशी असते ती छोट्या एसयूव्हीची. गिऱ्हाइकांचे प्रश्नही ठरलेले असतात. अ‍ॅव्हरेज किती? सनरूफ आहे का? स्क्रीन किती इंचांची? मग घरातला चालवणारा माणूस आणि शेजारी विक्री प्रतिनिधी अशी दहा मिनिटांची टेस्ट ड्राइव्ह गुळगुळीत रस्त्यावर होते आणि बुकिंगची पावती फाडली जाते.

ही गाडी पुढची आठ-दहा वर्षे वापरणार असते ते मात्र अख्खे कुटुंब. रोजची शाळा, ऑफिस, आजीची दवाखान्याची फेरी आणि मे महिन्यात पाच माणसे व सामान घेऊन कोकण. त्यामुळे गाडीची परीक्षा इंजिनाच्या ताकदीइतकीच माणसाच्या शरीराच्या अंगानेही घ्यायला हवी.

उंची का वाढली?

आपल्याकडे छोटी एसयूव्ही चार मीटरच्या आत बसवली जाते, त्यामागे करांचे गणित आहे. लांबी चार मीटरपर्यंत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसी किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के आहे. त्यापुढच्या मोठ्या गाड्यांना ४० टक्के. लांबी वाढवता येत नाही म्हटल्यावर कंपन्यांनी उंची वाढवली. या उंचीचे शरीराला फायदे आहेत आणि तिची किंमतही मोजावी लागते.

फायदा गुडघ्यांना होतो. बुटक्या हॅचबॅकमधून उठताना गुडघे काटकोनापेक्षा जास्त दुमडलेले असतात. त्या अवस्थेत शरीराचे वजन उचलायला मांडीच्या स्नायूंना बराच जोर लावावा लागतो आणि गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. सीट साधारण कमरेच्या उंचीवर असेल, तर माणूस तिच्यावर नुसता सरकतो. सांधेदुखी असलेल्यांना हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. मात्र दरवाजाचा उंबरा फार उंच असेल, तर कमी उंचीच्या व्यक्तीला पाय टाकताना तोल सांभाळावा लागतो. म्हणून आजीला आधार न देता तीन वेळा चढ-उतार करायला सांगावे. ती दर वेळी दाराचे हँडल शोधत असेल, तर ती गाडी तिच्यासाठी नाही.

मागच्या सीटवर आणखी एक गोष्ट पाहावी. सीटच्या मानाने पायाखालचा तळ उंच असला की गुडघे वर येतात, मांड्या सीटवरून उचलल्या जातात आणि सगळा भार माकडहाडावर पडतो. तळाखाली बॅटरी असलेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांत हे विशेष जाणवते. दहा मिनिटांत ते खटकत नाही. चार तासांच्या प्रवासानंतर कंबर सांगते.

घाटातले विज्ञान

उंच गाडीचा गुरुत्वमध्यही वर जातो. गाडी किती सहज कलंडेल याचा अंदाज एका साध्या भागाकाराने येतो. दोन चाकांमधल्या रुंदीच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. रुंदी दीड मीटर आणि गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर असेल, तर उत्तर १.३६ येते. तोच ६५ सेंटिमीटरवर गेला तर १.१५. आकडा जितका लहान, तितकी गाडी कलंडण्याची शक्यता जास्त. यावर चांगला उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजेच ईएससी. गाडी वळणावर घसरू लागली की ही यंत्रणा नेमक्या एखाद्याच चाकाला ब्रेक लावून तिला मार्गावर आणते. घेतोय त्या व्हेरिएंटमध्ये ईएससी आहे की नाही, हा प्रश्न सनरूफच्या आधी विचारावा.

गाडी वळणावर झुकते तेव्हा पोटही ढवळते. आतल्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा मेंदूला ‘आपण हलतो आहोत’ असे सांगते, तर मोबाइलवर खिळलेले डोळे ‘आपण स्थिर आहोत’ असे कळवतात. या विसंगतीतून मळमळ होते. टेस्ट ड्राइव्हमध्ये घरातल्या एकाने मागे बसून वळणे आणि गतिरोधक अनुभवले पाहिजेत. खिडकी इतकी उंच आणि अरुंद नाही ना की मुलाला बाहेरचे काहीच दिसत नाही, हेही तेव्हाच कळते.

पाचव्या मजल्यावरून उडी

भारत एनसीएपी ही गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरच्या अडथळ्यावर आदळवली जाते. हा वेग महामार्गावर किरकोळ वाटतो. पण उंचावरून पडणाऱ्या वस्तूला एवढा वेग यायला सुमारे १६ मीटर, म्हणजे जवळपास पाच मजल्यांची उंची लागते.

या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेला ३२ पैकी आणि मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी गुण मिळतात. टाटा नेक्सॉनला २०२४ मध्ये अनुक्रमे २९.४१ आणि ४३.८३, महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओला २९.३६ आणि ४३, तर २०२५ च्या सुरुवातीला स्कोडा कायलॅकला ३०.८८ आणि ४५ गुण मिळाले. तिघींनाही पाच तारे आहेत. २०१४ मध्ये ग्लोबल एनसीएपीने तपासलेल्या अनेक लोकप्रिय भारतीय गाड्यांना एकही तारा मिळाला नव्हता, हे आठवले की प्रगती लक्षात येते.

पण हे गुण पट्टा बांधलेल्या पुतळ्यांना मिळालेले असतात. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात सीटबेल्ट न लावलेल्या १६,७१५ जणांचा रस्ते अपघातांत मृत्यू झाला. त्यांत ८,३३१ चालक नव्हते, प्रवासी होते. मागे बसणाऱ्याला पट्टा लागत नाही, हा समज किती महाग पडतो ते या आकड्यात दिसते.

सर्वांत मोठा धोका मांडीवरच्या बाळाला असतो. दहा किलोचे बाळ मांडीवर आहे, गाडी ताशी ५० च्या वेगात आहे आणि ती सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, असे समजू. त्या क्षणी बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. कोणत्याही आईच्या हातांत तो नसतो. त्यातच मोठ्या माणसाने पट्टा बांधलेला नसेल, तर त्याचा सगळा भार बाळावर येतो.

म्हणून बाळासाठी वेगळी सीट लागते आणि सुरुवातीला तिचे तोंड गाडीच्या मागच्या दिशेला असावे लागते. बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. उलट्या बसवलेल्या सीटमध्ये धक्का डोके, मान व पाठ यांवर विभागला जातो. युरोपातील नव्या नियमानुसार किमान १५ महिन्यांपर्यंत बाळाला असेच बसवणे आवश्यक आहे. ही सीट चालकाशेजारी, सुरू असलेल्या एअरबॅगपुढे कधीही ठेवू नये. उघडणारी एअरबॅग थेट तिच्या पाठीवर आदळते. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालसीट नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार एक हजार रुपये दंड आहे.

मागच्या सीटच्या फटीत ‘आयसोफिक्स’ची कडी असते. ती हाताने शोधून पाहावी. शक्य असेल तर बालसीट बरोबर नेऊन बसवून पाहावी. पुष्कळदा उलटी सीट लावल्यावर पुढची सीट इतकी सरकवावी लागते की उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. कागदावरच्या पाच जणांच्या गाडीत खरोखर किती जण मावतात, ते तेव्हा उमगते.

बंद काचांमागची हवा

शहरातल्या कोंडीत एसीचा आतलीच हवा फिरवणारा पर्याय धूर व धूळ रोखतो, हे खरे. पण चार माणसांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साचत जातो. बाहेर त्याचे प्रमाण दशलक्षात सुमारे ४२० भाग असते. बंद गाडीत पाव तासात ते काही हजारांवर जाऊ शकते. त्याने जडपणा आणि पेंग येते. लांबच्या प्रवासात थोड्या थोड्या वेळाने बाहेरची हवा आत घ्यावी. ते बटण चालवताना नजर न हटवता सापडते का, की स्क्रीनवर तीनदा बोट लावावे लागते, हेही तपासावे.

उभ्या गाडीचा उकाडा याहून घातक. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये मांडलेल्या अभ्यासात उन्हात उभ्या गाडीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढले आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच किंचित उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला आत ठेवून जाणे कोणत्याच गाडीत सुरक्षित नाही.

ताऱ्यांपलीकडे

पाच तारे आतल्या माणसांबद्दल सांगतात. रस्ता ओलांडणाऱ्याबद्दल फारसे नाही. उंच बॉनेटपुढे उभे असलेले लहान मूल चालकाला दिसत नाही. सोसायटीच्या आवारात गाडी उभी करून, चालकाच्या जागेवरून पुढे किती अंतरावरची बादली दिसते हे पाहिले की अंदाज येतो. शिवाय धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ४० वरून ६० वर गेले की ती सव्वादोन पट होते, मग गाडीला तारे कितीही असोत.

व्हेरिएंट ठरवताना अखेर हिशेब पैशांचाच असतो. वरच्या मॉडेलमधले सनरूफ वर्षातून दोन-चारदा उघडले जाईल. त्याऐवजी ईएससी व सहा एअरबॅग असलेले खालचे मॉडेल आणि उरलेल्या पैशांतून चांगली बालसीट घेतली, तर ती रोज शाळेच्या फेरीला कामी येईल.