हाताने चालणारा संगणक : एका वार्तेचा धडा

दांडा फिरवावा आणि संगणक सुरू व्हावा. वीज नसलेल्या खेड्यातील मुलानेही मनगटाच्या बळावर ज्ञानभांडार खुले करावे, ही कल्पना कोणालाही मोह घालील अशीच होती. नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिस येथील जागतिक परिषदेत अमेरिकेतील प्राध्यापक निकोलस निग्रोपाँटे यांनी, संयुक्त राष्ट्रसंघाचे तत्कालीन सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत, अशा यंत्राचा नमुना जगापुढे ठेवला. प्रत्येक मुलासाठी शंभर डॉलरचा संगणक, ही त्यांची प्रतिज्ञा होती. वार्ता सर्वत्र पसरली आणि तो दांडा लोकांच्या मनात कायमचा बसला.

यंत्रावर मात्र तो टिकला नाही. २००७ च्या अखेरीस कारखान्यातून बाहेर पडलेल्या संगणकाला दांडा नव्हता आणि त्याची किंमत १८० डॉलरच्या वर गेली होती. वास्तविक यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. सतत फिरविल्या जाणाऱ्या दांड्याचा ताण यंत्राच्या सांगाड्यावर पडतो. शिवाय मुलाच्या हातातून निघणारी शक्ती ती किती? थोडे वॅट, आणि तेही हात दुखू लागेपर्यंत! तंत्रज्ञांनी अत्यल्प वीज खाणारे यंत्र आणि उन्हातही वाचता येणारा पडदा निर्माण केला, ही कामगिरी खरोखरच मोठी होती. परंतु तिची आठवण किती जणांना आहे? स्मरणात राहिला तो नसलेला दांडाच.

आपल्याकडेही असेच घडले. भारताच्या शिक्षण खात्याने २००६ मध्ये हा प्रकल्प नाकारला. पण २००९ च्या फेब्रुवारीत दहा डॉलरच्या स्वदेशी संगणकाची हूल उठली. तिरुपती येथे प्रत्यक्षात जे दाखविण्यात आले, तो संगणक नव्हताच. माहिती साठविण्याचे ते एक उपकरण होते.

मग ज्यांना यंत्रे मिळाली त्यांचे काय झाले? पेरू देशाने ती लक्षावधींच्या संख्येने घेतली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांच्या पाहणीचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या तर्कशक्तीत थोडी वाढ दिसली. गणित व भाषा या विषयांत प्रगतीचा पुरावा आढळला नाही. आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये हाच प्रयोग सुरू झाला. अशा शाळेत एकच गुरुजी चार इयत्ता सांभाळतात. यंत्र कितीही गुणी असले, तरी ते त्या गुरुजींची जागा घेऊ शकेल काय?

दांड्याच्या वार्तेचे खरे आकर्षण येथेच आहे. शाळेला वीज देणे, शिक्षक नेमणे, मुलांच्या भाषेत पुस्तके सिद्ध करणे ही समाजाची व शासनाची कामे आहेत. दांडा ती सारी मुलाच्या मनगटावर सोपवितो आणि आपल्याला निश्चिंत करतो. आज फळीसंगणक आले आहेत, कृत्रिम बुद्धिमत्तेचे 'शिक्षक' दारात उभे आहेत. त्यांचे स्वागत अवश्य करावे. परंतु यंत्र नादुरुस्त झाल्यास ते कोण दुरुस्त करणार, शिक्षकाला कोण तयार करणार आणि त्याचा खर्च कोण सोसणार, एवढे तीन प्रश्न आधी विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाली नाहीत, तर नव्या यंत्रालाही तोच जुना दांडा लावलेला आहे, असे खुशाल समजावे.