विंध्याच्या अंगाखांद्यावरून सायकल

पुण्या-मुंबईकडचा सायकलस्वार घाटात तयार झालेला असतो. ताम्हिणी किंवा वरंध म्हटलं की सलग चढ, हलक्या गिअरवरची लांबलचक लढाई आणि माथ्यावरचा चहा हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर येतं. भोपाळच्या परिसरात डोंगर वेगळ्या तऱ्हेने भेटतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठाराच्या कडेला वसलं आहे. काळ्या रानातून रस्ता निवांत धावतो, दोन्ही अंगांना गहू आणि हरभरा असतो. मग एका वळणावर लालसर वाळुखडकाची टेकडी आडवी येते. थोडा वेळ दम लावायचा, माथ्यावरच्या सागाच्या जंगलातून जायचं, पलीकडे उतरायचं की पुन्हा शेतं सुरू. दिवसभरात असे चढ अनेक वेळा येतात, पण छाती फोडणारा एकही नाही. त्यामुळे नव्याने लांब पल्ल्याची सायकल हाती घेणाऱ्याला हा मुलूख मानवतो.

या चढउतारांमागे दोन खडकांची गोष्ट आहे. टेकड्यांचा वाळुखडक विंध्य समूहातला, शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा, उथळ समुद्रात थरावर थर साचून झालेला. त्याच्या पायथ्याशी पसरलेली काळी माती मात्र सह्याद्रीच्या सख्ख्या नात्यातली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्हांनी दख्खनचं पठार रचलं, त्यांचे थर इथवर पोचले आणि त्या बेसाल्टची झीज होऊन ही जमीन तयार झाली. मराठी घरांत वाखाणला जाणारा सिहोरचा शरबती गहू याच मातीत पिकतो. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

सायकलस्वाराने पहिली स्वारी आग्नेयेला करावी. नर्मदापुरमच्या महामार्गावर ‘ग्यारह मील’ नावाचा फाटा लागतो. तिथून डावीकडे वळलं की मंडीदीपच्या कारखान्यांचे ट्रक मागे राहतात आणि बंगरसियावरून रस्ता भोजपूरला निघतो. भोपाळपासून हे अंतर २८ किलोमीटरच्या आसपास. बेतवेच्या काठावरच्या उंचवट्यावर अकराव्या शतकात परमार राजा भोजाने शिवमंदिर उभारायला घेतलं आणि ते अपुरंच राहिलं. आतलं प्रचंड शिवलिंग एकसंध दगडाचं आहे. पण खरा खजिना बाहेर आहे. आसपासच्या कातळांवर त्या काळच्या स्थपतींनी मंदिराचे आराखडे, खांब आणि थरांच्या रेषा कोरून ठेवल्या आहेत. मोठाले दगड वर ओढून नेण्यासाठी घातलेला मातीचा उतारही मंदिरामागे शाबूत आहे. मंदिर पुरं झालं असतं तर हा उतार केव्हाच काढून टाकला गेला असता.

भोजाने इथे बांध घालून एक विस्तीर्ण तळं केलं होतं. पंधराव्या शतकात माळव्याच्या होशंगशाहाने बांध फोडला आणि तळं रिकामं झालं. फौजेला बांध फोडायला तीन महिने लागले आणि पाणी ओसरायला तीन वर्षं, असं लोक सांगतात. भोजपूरच्या पश्चिमेची बरीचशी सपाट शेतं म्हणजे त्या तळ्याचा तळ. मोटारीतून जाणाऱ्याला तिथे नुसती शेतं दिसतात. सायकलवरून जाणाऱ्याला मात्र टेकड्यांनी वेढलेला तो खोलगट भाग पायांनाच कळतो, कारण उतार संपून सपाटी कुठे सुरू होते आणि चढ पुन्हा कुठून लागतो, हे तो प्रत्येक पेडलला मोजत असतो.

भोजपूरहून आशापुरीतले प्राचीन मंदिरांचे अवशेष पाहत, गावांच्या रस्त्यांनी ओबेदुल्लागंज गाठता येतं आणि पुढे भीमबेटका. शेवटचे तीनेक किलोमीटर महामार्ग सोडून टेकडीवर चढतात. ही जागा जगासमोर आणणारा माणूस मराठी होता. नीमचला १९१९ मध्ये जन्मलेले आणि उज्जैनला कर्मभूमी मानलेले डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर १९५७ मध्ये रेल्वेने भोपाळकडे येत होते. खिडकीतून दिसलेले कातळांचे आकार त्यांना युरोपातल्या चित्रगुहांच्या परिसरासारखे वाटले आणि ते पायी त्या टेकड्यांवर पोचले. पुढे इथे सातशेहून अधिक शैलाश्रय नोंदले गेले. गव्यांची शिकार, हातात हात घालून चाललेलं नृत्य, घोडेस्वारांच्या मिरवणुकी अशी गेरूच्या तांबड्या आणि पांढऱ्या रंगांतली चित्रं हजारो वर्षांच्या अंतराने एकमेकांवर काढलेली आहेत. २००३ मध्ये युनेस्कोने भीमबेटकाला जागतिक वारसास्थळांच्या यादीत घेतलं. शैलाश्रयांभोवतीचं रातापानीचं जंगल डिसेंबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातला आठवा व्याघ्र प्रकल्प झालं आणि राज्य सरकारने त्याला वाकणकरांचं नाव दिलं. गाभा आणि बफर धरून हा प्रकल्प सुमारे १,२७१ चौरस किलोमीटरचा आहे.

व्याघ्र प्रकल्प म्हटल्यावर सायकलचं काय, हा प्रश्न येतोच. गाभा क्षेत्रात वन विभागाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही आणि तसा हट्टही धरू नये. सायकलीसाठी योग्य रस्ते आहेत ते कडेच्या गावांमधले, जिथे शेतकरी, गुराखी आणि शाळकरी मुलं रोज ये-जा करतात. तिथेही नियम एकच पाळायचा : सूर्य उगवल्यावर निघायचं आणि मावळण्यापूर्वी मुक्कामाला पोचायचं. भोपाळच्या वाघांना शहराची हद्द ठाऊक नाही. नैर्ऋत्येच्या केरवा आणि कलियासोत धरणांभोवतीच्या टेकड्या त्यांच्या नेहमीच्या वाटेवर आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर शहरातल्या मौलाना आझाद राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात वाघ शिरला होता.

याच बाजूला पाण्याचा एक विलक्षण खेळ पाहायला मिळतो. झिरी गावाजवळ बेतवा उगम पावते, उत्तरेला वाहत जाऊन यमुनेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात पोचतं. दक्षिणेच्या उतारावर पडलेला पाऊस नर्मदेत जातो आणि अरबी समुद्र गाठतो. दोन समुद्रांची वाटणी करणारी ही धार सायकलवरून एका सकाळीत ओलांडता येते.

दुसरी स्वारी ईशान्येची, दोन दिवसांची. भोपाळ ते सांची सुमारे ४६ किलोमीटर. वाटेत दीवानगंजजवळ कर्कवृत्त रस्ता छेदतं. तिथे खुणेची रेघ आणि पाटी आहे, फोटोसाठी सगळेच थांबतात. सांचीच्या अलीकडे सलामतपूरच्या बाजूने आडवाट धरली तर सातधाराचे स्तूप लागतात. अलेक्झांडर कनिंगहॅमने १८५१ मध्ये सांची आणि सातधारा या दोन्ही ठिकाणी सारिपुत्त आणि मोग्गलान या बुद्धशिष्यांचे अस्थिअवशेष शोधून काढले. सांचीला गर्दी असते. सातधाराला हलाली नदीच्या घळीवर वारा आणि मोजकेच प्रवासी. सांचीत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे दहाएक किलोमीटरवरच्या उदयगिरीला जावं. तिथल्या गुप्तकालीन वराहमूर्तीसमोर कितीही वेळ कमीच पडतो. परत सांचीवरून रायसेनला वळायचं. वाटेत कर्कवृत्त पुन्हा ओलांडलं जातं. रायसेनच्या टेकडीवरचा किल्ला १५४३ मध्ये शेरशाह सूरीने वेढा घालून घेतला होता. तिथून भोपाळ ४५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे उदयगिरी धरून पूर्ण फेरा सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातो.

मराठी प्रवाशाने वायव्येचं दोराहाही नकाशावर टिपून ठेवावं. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला भोपाळात कोंडलं आणि ७ जानेवारी १७३८ रोजी दोराह्याला तह झाला. नर्मदा ते चंबळ हा माळव्याचा मुलूख मराठ्यांकडे आला. तिकडचा महामार्ग रहदारीचा आहे, म्हणून रविवारची सकाळ बरी.

स्वतःची सायकल न्यायची असेल तर ती रेल्वेने नोंदवून नेता येते. मुंबईहून पंजाब मेल आणि पुण्याहून झेलम एक्स्प्रेस भोपाळला जातात. इटारसी सोडल्यावर दोन्ही गाड्या नर्मदा ओलांडून बुधनीचा घाट चढतात आणि ज्या टेकड्यांनी वाकणकरांना थांबवलं त्यांच्या जवळून जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्चनंतर दुपार सोसवत नाही, आणि पावसाळ्यात आडवाटांवरची काळी माती मडगार्ड आणि चाकाच्या मधे घट्ट बसते. पंक्चरचं सामान, जादा ट्यूब आणि दोन बाटल्या पाणी सोबत हवंच. बाकी पोट भरण्याची चिंता नको : सकाळी पोहे-जलेबी आणि शहरात परतल्यावर मीठ घातलेला भोपाळी चहा.

इतकं सगळं शहरापासून पन्नास-साठ किलोमीटरच्या आत आहे, म्हणून या वाटा एकमेकींना जोडणारा, जागोजागी खुणा केलेला सायकलमार्ग इथे घडवायला हवा. भोपाळ सायकलीला परकं नाही. २०१७ मध्येच इथे ५०० सायकलींची सार्वजनिक सेवा सुरू झाली होती. बेल्जियमच्या लिम्बुर्ख प्रांताचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर ह्यूगो बोलेन या खाण अभियंत्याने तिथल्या शांत ग्रामीण रस्त्यांच्या प्रत्येक चौकाला क्रमांक दिला. सायकलस्वार चिठ्ठीवर चार आकडे लिहितो आणि पाट्या पाहत निघतो. १९९५ मध्ये खुलं झालेलं हे जाळं पुढे शेजारच्या नेदरलँड्सनेही उचललं. त्यासाठी नवे रस्ते बांधावे लागले नाहीत, होत्या त्याच रस्त्यांवर पाट्या लागल्या.

भोपाळभोवतीही रस्ते तयारच आहेत. व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्राचं नियोजन होत असताना त्यात या गाववाटांचा विचार व्हावा. ग्यारह मीलचा फाटा, भोजपूर, आशापुरी, ओबेदुल्लागंज आणि भीमबेटका या पाच ठिकाणी पाट्या लावून सुरुवात करता येईल. पाटीवर पुढच्या गावाचं अंतर, पाण्याची सोय, पंक्चर काढणाऱ्याचं दुकान आणि सूर्यास्ताआधी परतण्याची सूचना असावी. मुक्कामाची सोय गावातल्या घरांमध्ये झाली तर जंगलाशेजारी राहण्याची किंमत मोजणाऱ्या या गावांना त्यातून चार पैसे मिळतील.